करड्या काठाची साडी

माझ्या आईला आठ हात होते. दोन तिचे स्वतःचे, ते मागच्या थंडीत तिच्याबरोबर अमरधामला गेले. उरलेले सहा परवा विंचूरला लिलावात विकले.

दचकू नका. आई सिनेमात काम करायची. तशी पुष्कळ कामं केली तिनं. पाटलाची सून झाली, डॉक्टरीण झाली, दोन-तीनदा नायकाची आईसुद्धा झाली. पण एका सिनेमात ती अष्टभुजा देवी झाली आणि तिथंच अडकली. त्यानंतर लोकांनी तिला दुसरं काही होऊच दिलं नाही. तिलाही आणि आम्हालाही.

लिलाव वाइन पार्कच्या बाजूला एका नव्या कोऱ्या हॉलमध्ये होता. बाहेर रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, आत गारेगार एसी आणि पाहुण्यांच्या हातात वाइनचे प्याले. दार उघडलं की कांद्याचा उग्र भपकारा आत यायचा आणि मुंबईहून आलेली मंडळी नाकाला रुमाल लावायची. मला त्या वासानं बरं वाटत होतं. निदान काहीतरी ओळखीचं होतं तिथं.

माझा धाकटा भाऊ विनू. त्यानं पंचवटीतलं घर रिकामं करताना आईच्या ट्रंका न उघडताच लिलाववाल्यांच्या हवाली केल्या. मी म्हटलं, नेऊ देत. देवीचा शालू, मुकुट, सन्मानचिन्हं, पोस्टरांची मूळ चित्रं, कुठल्या कुठल्या पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, मला त्यातलं काही नको होतं. फक्त एक साडी हवी होती. पांढरी, सुती, बारीक करड्या काठाची. धुऊन धुऊन मलमलीसारखी मऊ झालेली. ती सिनेमातली नव्हे, आईची घरातली. कपाटं धुंडाळली, गाद्यांखाली पाहिलं, कुठंच मिळाली नाही, तेव्हा उमगलं की तीही ट्रंकेतून विंचूरला गेली. तेवढी एक परत आणायला मी गेले होते. नाहीतर कशाला तिथं पाय ठेवते!

दारातून शिरलं की समोर ते सहा हात. काळ्या मखमलीवर, वरून दिव्याचा झोत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे, वर कागदाचा लगदा थापून रंगवलेले, आणि मागं पाठीवर बांधायचा चामड्याचा पट्टा. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला काही वाटलं नाही. आई गेल्यापासून हे असंच चाललंय. जेवते, झोपते, लाइटबिल भरते, कुणी विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणते. दाताला भूल दिल्यावर गाल असतो आपला आणि नसतो, तसं.

हे हात आमच्या वरच्या खोलीत भिंतीला टांगलेले असायचे. निर्मात्यानं देऊन टाकले होते. घरात खुंट्या कमी, मग काय! वरच्या हातात बाबांचा कंपनीचा खाकी शर्ट, त्याच्याखालच्यात आईची छत्री, एका हातात माझं दप्तर. अभयमुद्रेतल्या पंजावर विनूचं कानटोपडं. नवरात्र आलं की आई सगळं उतरवायची, हातांना खोबरेल चोळायची आणि मग ते नऊ दिवस नुसतेच राहायचे, रिकामे. त्या दिवसांत मला भिंत परकी वाटायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दप्तर टांगलं की हायसं व्हायचं.

आणि खोबरेल कशाला विकत आणतोय? घरात नारळच नारळ होते. चैत्रात देवीच्या गडावर जाणाऱ्या बायका आधी गंगेवर, म्हणजे आमच्या इथल्या नदीवर, अंघोळ करायच्या आणि तिथून ओल्या केसांनी तडक आमच्या ओट्यावर यायच्या. निफाडच्या, चांदवडच्या, येवल्याकडच्या. तापलेल्या फरशीवर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटायचे आणि बघता बघता वाळून जायचे. ओल्या लुगड्यांचा, बुक्क्याचा, उन्हात कोमेजलेल्या मोगऱ्याचा वास सगळ्या बोळात भरायचा. आई पाटावर बसायची. एकेक बाई पुढं यायची, हळद लावायची, कुंकू लावायची, खण-नारळ आणि ओंजळभर तांदूळ तिच्या पदरात घालायची आणि पायावर डोकं ठेवायची. कुणाच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर असायचं. आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, “होईल हं बरं.”

एकदा बायका गेल्यावर पाय चोळत बसली होती, तेव्हा मला म्हणाली, “मी काय बरं करणार गं? तुझा गोवर मेला तीन आठवडे हटेना.”

आमच्या नाशकात भाजीला सुकं खोबरं. ओला नारळ म्हणजे कोकणातल्या लोकांचं खाणं. पण आमच्याकडे वरणात ओला नारळ, पोह्यांवर ओला नारळ, वांग्याच्या भाजीत ओला नारळ. डब्यात बारा महिने नारळाच्या वड्या. शाळेत मैत्रिणी डबा उघडायच्या आधीच म्हणायच्या, “ओळखा पाहू!” आणि खण? बाई गं! उशांचे अभ्रे खणाचे, रेडिओचं झाकण खणाचं, माझे परकर खणाचे. दप्तरसुद्धा आईनं जरीकाठी खणाचं शिवलं होतं. कोऱ्या खणाला खळीचा एक खरखरीत वास असतो. दुकानात गेले आणि कुणी ठाण उलगडलं तर आजही मी दोन पावलं मागं सरते.

मला त्या बायका आवडायच्या नाहीत. स्पष्टच सांगते. आईनं पाठीत धपाटा घातला आणि मी भोकाड पसरलं, की ओट्यावरची एखादी म्हणायची, “नशीब काढलंस पोरी, देवीचा हात लागला!” म्हणजे रडायचीसुद्धा चोरी. एका मैत्रिणीच्या घरी देवघरात कॅलेंडर होतं, त्यावरची देवी आईच्याच चेहऱ्याची. उदबत्तीच्या धुरानं तिची हनुवटी काळी पडली होती. मैत्रिणीची आई तिला नमस्कार करून स्वयंपाकाला लागायची आणि मी तिथं पाढे पाठ करत बसायची. आपल्या आईकडे सगळं गाव काहीतरी मागतंय आणि आपली पाळी शेवटी, असं वाटायचं. अजून वाटतं.

बाबांना मात्र या सगळ्याची गंमत वाटायची. ते सातपूरला कंपनीत होते. फर्स्ट शिफ्टला पहाटे निघायचे. सायकलच्या चेनचा आवाज, मग दाराची कडी, मग चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज, हे मला अंथरुणातूनच कळायचं. दुपारी घरी आले आणि ओट्यावर गर्दी दिसली की चपला हातात घेऊन मागच्या दारानं यायचे आणि स्वयंपाकघरातून हळूच म्हणायचे, “देवी मोकळी झाली की भक्ताला वाढायला सांगा.” आई बाहेर पाटावर डोळे मिटून बसलेली असायची, पण तिच्या ओठांचा कोपरा हलायचा. मी तो नेमका बघायची.

बाबा गेले तो वैशाख होता. कसे गेले ते नको. घराला ग्रीसचा आणि लाइफबॉयचा वास होता, तो हळूहळू कमी होत गेला, एवढंच मला सांगता येईल. आईनं ती करड्या काठाची साडी काढली. कपाळ मोकळं झालं. आई अशी दिसते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

दिवस होऊन गेले आणि एका सकाळी बोळात बायकांचा गलका ऐकू आला. लांबच्या गावच्या, बैलगाडी करून आलेल्या. त्यांना कुठली बातमी? आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“त्यांना बसव,” ती म्हणाली. “पाणी दे. आणि बाबांचं काही बोलू नकोस हं.”

मग ती वर गेली आणि खाली आली ती हिरवा शालू नेसून, हातभर चुडा घालून. पाटावर बसली. एक बाई पुढं झाली. आईनं कपाळ पुढं केलं आणि डोळे मिटले. मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. कुणीतरी मला विचारलं, “मालक कुटं गेलं गं?”

मी म्हटलं, “फर्स्ट शिफ्टला.”

त्यानंतर माझे बाबा कित्येक वर्षं फर्स्ट शिफ्टलाच होते. चैत्र असो, नवरात्र असो, माझ्या तोंडी उत्तर तयार. बायका गेल्या की आई बोटावर खोबरेल घ्यायची आणि कपाळावरचं कुंकू पुसायची. शालू घडी करून ट्रंकेत, आणि पुन्हा ती पांढरी साडी. त्या साडीत ती माझी असायची. भाकरी थापायची, विनूचं नाक पुसायची, आमच्यावर खेकसायची, आणि संध्याकाळी मागच्या दारी दगडावर बसून कुठंतरी बघत राहायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की गालाला तो मऊ सुती पदर लागायचा. त्याला ना अत्तराचा वास, ना बुक्क्याचा. नुसता साबणाचा आणि उन्हाचा. मला हव्या असलेल्या वस्तूचं वर्णन एवढंच आहे.

या बायका तिला धड रडूही देत नाहीत, असा माझा राग होता. चांगला मुरलेला राग, लोणच्यासारखा. आई म्हातारी झाली, बायका कमी झाल्या, मग फक्त नवरात्रात चार-दोन यायच्या. राग मात्र होता तिथंच राहिला. माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा मला वाटलं, आता आईचं मला सगळं कळेल. कशाचं काय! मला कुणी काही म्हटलं नाही, काळ बदललाय. पण इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आपोआप यायचं थांबलं. लिफ्टमध्ये भेटल्या की बायका हवापाण्याचं बोलतात.

तर परवा, त्या हॉलमध्ये, मुकुटापाशी नुसता गोंधळ. आसपासच्या गावांतून दोन जीपगाड्या भरून बायका आल्या होत्या. दाराबाहेर गालिच्यावर त्यांच्या चपलांचा ढीग. कुणी लाकडी हातांपुढं झेंडू वाहिला होता, कुणी पंजावर रुपया ठेवला होता. मुंबईहून आलेली लिलाववाली मुलगी, काळ्या कोटातली, अगदी रडकुंडीला आली होती.

“मॅडम, प्लीज यांना सांगा ना,” ती मला म्हणाली. “पुढच्या रांगा बोली लावणाऱ्यांसाठी आहेत.”

“बोली कसली गं बाई?” पुढच्या खुर्चीवरची एक म्हातारी म्हणाली. “आमी वटी भराया आलोय.”

तिला मी ओळखलं. गयाबाई. विंचूरजवळच्याच गावची. मी परकर घालत होते तेव्हा ती नवी नवरी होती, सासूच्या मागं डोक्यावरचा पदर सावरत ओट्यावर चढायची. आता दात नव्हते, पण कपाळावर कुंकू तेच, रुपयाएवढं.

आणि तिच्या खुर्चीपासून चार हातांवर, एका बिनडोक्याच्या पुतळ्याला ती नेसवलेली. माझी साडी. खाली पाटीवर लिहिलं होतं, ‘विधवेच्या भूमिकेतील साडी. चित्रपट अज्ञात.’ निऱ्या अगदी कडक इस्त्रीच्या. तिला इस्त्री केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी त्या मुलीला बाजूला घेतलं. म्हटलं, “ही सिनेमातली नाही. माझ्या आईची घरातली साडी आहे, बाबा गेल्यावर नेसायची ती. चुकून आलीये. मला परत हवी.”

मुलगी चांगली होती. लगेच म्हणाली, “सॉरी मॅडम, काढून देऊ की. फक्त एकदा मांडलेली वस्तू मागं घेताना कारण माइकवरून जाहीर करावं लागतं. नियम आहे.”

“काय जाहीर कराल?”

“हेच, की ही चित्रपटातली नसून बाईंची स्वतःची, यजमान गेल्यानंतर त्या घरी नेसायच्या ती साडी आहे.”

“मी बोली लावली तर?”

“घरच्यांना नाही लावता येत.”

विनू शेजारीच होता. म्हणाला, “अगं, करू दे की जाहीर. आता कुणाला काय पडलंय?”

मी पुढच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्या जणी मांडीवर ओटीच्या पिशव्या घेऊन, हात जोडून बसलेल्या. आईनं इतकी वर्षं, कपाळ घासघासून, जे यांच्यापासून झाकून ठेवलं ते माइकवरून सांगायचं? तिच्या पश्चात? आणि सांगायचं कुणी, तर जिला तिनं ‘बोलू नकोस हं’ म्हणून बजावलं होतं तिनं? माझा कितीही राग असो, आईचा शब्द होता तो. तिनं मला एवढं एकच काम दिलं होतं.

“राहू दे,” मी म्हटलं.

“ताई, नक्की?” विनूनं विचारलं.

“राहू दे म्हटलं ना.”

मुकुटाला चढाओढ लागली. हौसेला मोल नाही. हात एका हॉटेलवाल्यानं घेतले, म्हणाला, रिसेप्शनच्या मागं लावणार. शालूला टाळ्या पडल्या. साडीची पाळी आली तेव्हा लोक चहाला उठायला लागले होते. फोनवरून कुणीतरी बोली लावली, दुसरं कुणी बोललं नाही, हातोडा पडला. एका पोरानं ती पुतळ्यावरून उतरवली, घडी केली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर चिकटपट्टी लावली. मी बघत होते. मला काही वाटलं नाही. हात तेवढे गार पडले, पण एसी होता तिथं.

बाहेर आले. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर कांद्याची सालपटं उडत होती. चपलांच्या ढिगाऱ्यात गयाबाई आपली चप्पल शोधत होती. मी ती पायानं पुढं सरकवली.

“पोरी,” ती म्हणाली, “बाकीचं इकलं ते इकलं. ती धवळी साडी कशाला इकली?”

“कुठली?” मी म्हटलं. इतक्या वर्षांची सवय.

“मायची घरातली. मागच्या दारी दोरीवर वाळत असायची. आमी पाय धुवाया जायचो, तवा दिसायची.”

मी तिच्याकडे वळले. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“आता गं बया! रांडावल्या बाईचं लुगडं बाईला कळत नाय व्हय? अन् तू एवढीशी, दर साली सांगायचीस, बाबा फस्ट शिपला गेलेत. माझी सासू वाटंनं हसायची बी अन् डोळं बी पुसायची.”

“मग येत का होतात?” मी जवळजवळ ओरडलेच. “कळत होतं ना? मग तिला सुखानं बसू का नाही दिलंत?”

गयाबाईनं माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाकडे पाहावं तसं.

“म्हणून तर येत व्हतो. नवरा मेलेल्या बाईला कुकू लावलं तर गाव खायला उठतं. देवीला लावलं तर कोण काय म्हनंल? सासू म्हणायची, कुकू लावताना ती डोळं मिटती बघ, तेवढ्यापायी जायचं. पोरंबाळं, ताप-खोकला, ते आपलं बोलायला.”

मी तिथंच पायरीवर बसले. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून मी साडी जाऊ दिली, त्यांना ती आधीपासून माहीत होती. एका वाक्यानं ती परत मिळाली असती. आता ती कुणाच्या घरी, कुठल्या गावी, देव जाणे. आईला तरी हे माहीत होतं का? की बाहेरच्या बायका आणि पाटावरची आई, सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं, आणि ते गुपित खरं समजून घोकत बसलेली मी एकटीच? मला आधी हसू आलं. मग इतक्या महिन्यांनी रडू आलं, तेही भरउन्हात, चपलांच्या ढिगाऱ्यापाशी, वाइन प्यायला आलेल्या लोकांसमोर.

गयाबाई माझ्या शेजारी टेकली. थोड्या वेळानं तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं.

“तुझं मालक?”

“दोन वर्षं झाली.”

तिनं मान हलवली. मग पिशवीत हात घालून खण काढला, नारळ काढला, कुंकवाची डबी गुडघ्यावर ठेवून उघडली.

“ओढणी धर.”

“नको, गयाबाई,” मी म्हटलं. “अहो, मी काही देवी नाही.”

“ती तरी कुठं व्हती?” गयाबाई म्हणाली. “धर.”

मी ओढणी पुढं केली.